पहिलीनंतरची दुसरी

पहिली पदवीधर, पहिली डॉक्टर, पहिली मुख्याध्यापिका, पहिली ग्रंथपाल, पहिली नगराध्यक्षा. स्त्रियांच्या सार्वजनिक कामाचा इतिहास आपण बहुतेक वेळा या यादीतूनच सांगतो. यादीबद्दल मला आदर आहे. १८४८ साली पुण्याच्या भिडेवाड्यात सावित्रीबाई फुले वर्गात उभ्या राहिल्या नसत्या, तर माझ्या हातात लेखणी आली नसती. पण या यादीत एक खोट आहे. पहिली कोण हे एकदा ठरलं की चौकशी संपते. तिच्यामागून दुसरी आली का, ती कोणत्या घरातून आली, तिला महिन्याकाठी काय मिळालं, म्हातारपणी तिच्याकडे कोणी पाहिलं, हे विचारायचं राहून जातं. मला वाटतं, पहिलीच्या कामाचं मोल दुसरीच्या वाट्याला काय आलं यावरून ठरवायला हवं.

दातिवऱ्यासारख्या गावातून पाहिलं की हे जास्त जाणवतं. दातिवरे पालघर तालुक्याच्या दक्षिण अंगाला, वैतरणा जिथे समुद्राला मिळते तिथे. खाडीपलीकडे अर्नाळा. सफाळ्याला गाडीतून उतरायचं आणि एस.टी. नाहीतर रिक्षा धरून किनारा गाठायचा. सकाळच्या वेळी माणसांचा लोंढा मुंबईच्या दिशेने धावत असतो, आणि त्याच वेळी विरार-वसईकडून डहाणू लोकलने उलट दिशेला येणाऱ्या काही बायका असतात. कुणी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका, कुणी आरोग्य केंद्रात परिचारिका, कुणी पालघरच्या कचेरीत. खांद्याला पर्स, हातात डब्याची पिशवी, मांडीवर तपासायच्या वह्या. शहराकडून आत येणारी ही वाट त्यांच्याही आधी ज्यांनी मळली, त्यांची गोष्ट याच किनाऱ्यावर, दातिवऱ्याच्या उत्तरेला डहाणू तालुक्यात घडली. पुण्या-मुंबईच्या शाळांचा इतिहास लिहिताना ती शेवटच्या पानावर येते. मी तिथूनच सुरुवात करते.

ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला आल्या तेव्हा त्यांचं वय ५३ होतं. मागे एक आयुष्य पुरेल एवढं काम झालेलं होतं. १८९२ साली मुंबईत, प्रार्थना समाजी केळकरांच्या घरात जन्म. १९१४ साली मुंबई विद्यापीठाची पदवी. लग्नानंतर अमरावती, मग संसार विस्कटल्यावर राजकोटच्या बार्टन स्त्री अध्यापन महाविद्यालयाची सूत्रं. त्या जागेवर बसलेल्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. इथवरचा भाग ‘पहिली’च्या यादीत चपखल बसतो. ताराबाई तिथे थांबल्या असत्या तरी त्यांचं नाव राहिलं असतं. पण त्यांनी राजकोटची प्रतिष्ठेची खुर्ची सोडली आणि भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेकांसोबत तीन-चार वर्षांच्या मुलांमध्ये जाऊन बसल्या. शिक्षणाच्या जगात हे काम तेव्हा फारच खालचं समजलं जाई. कॉलेज सोडून बालमंदिर म्हणजे लोकांच्या लेखी उतरणच.

१९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ निघाला. ‘शिक्षण पत्रिका’ निघू लागली, आधी गुजरातीत, पुढे मराठीत. १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झालं. मध्यमवर्गीय मराठी घरातल्या आयांना मुलाला मारल्याशिवायही वाढवता येतं हे पहिल्यांदा कुणी पटवून सांगितलं असेल, तर या मंडळींनी. आज आपण सहज म्हणतो की मुलाला त्याच्या कलाने शिकू द्यावं. ज्या घरात पाठ चुकली की छडी बसे, त्या घरांना हे ऐकवणं सोपं नव्हतं.

आणि मग ताराबाईंना एक गोष्ट सलू लागली. माँटेसरी पद्धतीचं साहित्य महाग. लाकडाचे ठोकळे, दंडगोल, घासूनपुसून केलेले मनोरे, हे सगळं पैसेवाल्या घरातल्या मुलांच्याच हाती पडणार. मग ज्या मुलाला खरी गरज आहे त्याचं काय? प्रश्न अनेकांना पडत असतो. ताराबाईंनी उत्तर शोधायला मुंबई सोडली.

बोर्डीत तोवर शिक्षणाचं वातावरण होतं. सुनाबाई पेस्तनजी हकीमजी हायस्कूल होतं, आचार्य भिसे होते. पण गावची बालवाडी वारली पाड्यांवरच्या मुलांना लांबची होती. मैलांनी कमी, मनाने जास्त. मुलं येईनात. अशा वेळी व्यवस्था काय म्हणते, ते आजही आपण ऐकतो: यांना शिकायचंच नाही, पालकांना कदर नाही. ताराबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा निकाल मान्य केला नाही. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जायचं, असं त्यांनी ठरवलं आणि शाळा उचलून पाड्यावरच्या एका घराच्या अंगणात नेऊन ठेवली. अंगणवाडी ती हीच.

अंगणात नेमकं काय चालायचं, ते थोडं जवळून पाहू. पहिला तास आंघोळीचा. नखं कापायची, केस विंचरायचे, उवा काढायच्या, खरजेला औषध लावायचं. मग खेळ, गाणी, गोष्टी. ठोकळ्यांच्या जागी चिंचोके, गुंजा, शिंपले, खडे, पानं. लहान-मोठं, जड-हलकं, खरखरीत-गुळगुळीत हे सगळं जंगलाच्या आणि समुद्राच्या काठी पडलेलंच होतं. त्यासाठी परदेशी पेटी मागवायची गरज नव्हती. ज्या बाईने भावनगरला शास्त्रशुद्ध पद्धत शिकून घेतली होती, तिनेच त्यातलं शास्त्र ठेवलं आणि पेटी सोडली. शिक्षणातली ही फार मोठी हिंमत आहे असं मी मानते. पद्धतीचे भक्त पेटी धरून बसतात आणि पद्धतीचे विरोधक शास्त्रही फेकून देतात.

मोठी मुलं तरीही हाताला लागेनात, कारण ती गुरांमागे रानात असायची. तेव्हा शिक्षक रानात गेले. गुरं चरताहेत, मुलं सावलीला बसली आहेत आणि मोजणी चालली आहे ती गोळा केलेल्या बियांची: ही कुरणशाळा. मुलींची अडचण आणखी वेगळी होती. आठ-नऊ वर्षांच्या पोरीच्या कडेवर धाकटं भावंड असे. ती शाळेत आली तर त्याला कोण सांभाळणार? म्हणून पुढे कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा शेजारी-शेजारी आल्या. ताई वर्गात, मधलं बालवाडीत, तान्हं पाळण्यात. मुलीच्या शिक्षणावर आपल्याकडे ग्रंथ लिहिले गेले आहेत, पण तिच्या कडेवरचं मूल आधी खाली उतरवायला हवं हे इतकं नेमकं क्वचितच कुणी ओळखलं.

१९५७ साली केंद्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आणि इथून पुढे ही गोष्ट एकट्या ताराबाईंची उरत नाही.

अनुताई वाघ १९१० साली पुणे जिल्ह्यातल्या मोरगावला जन्मल्या. तेराव्या वर्षी लग्न, आणि सहा महिन्यांत वैधव्य. त्या काळातल्या अशा मुलीचं पुढचं आयुष्य कसं जाई, ते आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडून आपण ऐकलं आहे. अनुताई शिकल्या, ट्रेनिंग केलं, खेड्यात शिकवलं, मग पुण्याला हुजूरपागेत शिक्षिका झाल्या. दिवसा नोकरी आणि रात्रशाळेतून मॅट्रिक. पुण्यातली चांगल्या शाळेतली कायमची नोकरी म्हणजे एका बालविधवेसाठी केवढा आधार होता, याचा विचार करावा. १९४५ साली कस्तुरबा ट्रस्टच्या बोरिवलीच्या शिबिरात त्यांची ताराबाईंशी गाठ पडली आणि तो आधार सोडून त्या बोर्डीला आल्या. ताराबाई ५३ वर्षांच्या, अनुताई ३५. पुढे पन्नाशी उलटल्यावर अनुताईंनी पदवी घेतली.

ताराबाई १९७३ साली गेल्या. त्यानंतर १९ वर्षं, १९९२ साली स्वतः जाईपर्यंत, अनुताईंनी कोसबाड चालवलं. एकूण ४७ वर्षं. पहिलीला पद्मभूषण मिळालं १९६२ साली, दुसरीला पद्मश्री १९८५ साली. पण माझ्या दृष्टीने मोलाची गोष्ट वेगळी आहे. संस्थापक गेले की संस्था ओस पडते, हा महाराष्ट्रातल्या कितीतरी ध्येयवादी संस्थांचा अनुभव आहे. कोसबाडला तसं झालं नाही, कारण ताराबाईंनी आपल्यापेक्षा १८ वर्षांनी लहान, वेगळ्या घरातल्या, तोवर पदवीही नसलेल्या बाईला बरोबरीने उभं केलं होतं. केळकरांच्या सुधारकी घरातली मुंबईची पदवीधर आणि मोरगावची बालविधवा शिक्षिका, या दोघींमध्ये सामाजिक अंतर बरंच होतं. ते दोघींनी कामात विरघळवलं. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे अनुताईंचं आत्मकथन ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर मिळवून वाचावं.

इथे तिसऱ्या बाईचं नाव घ्यायलाच हवं. ज्या १९४५ साली ताराबाई आणि अनुताई बोर्डीला आल्या, त्याच वर्षी मे महिन्यात तिथून काही मैलांवर झरी गावात हजारो वारली जमले आणि त्यांनी वेठबिगार करणार नाही असं जाहीर केलं. त्या लढ्याच्या पुढारी गोदावरी परुळेकर. पूर्वाश्रमीच्या गोखले, पुण्यातल्या सुखवस्तू घरातल्या, कायद्याच्या पदवीधर, भारत सेवक समाजाच्या पहिल्या स्त्री आजीव सदस्य. त्यांच्याही नावामागे ‘पहिली’ लागलेलं आहे, आणि त्याही ते मागे ठेवून किसान सभेचं काम करत डहाणू-उंबरगावच्या पाड्यांवर आल्या.

वारल्यांची स्थिती तेव्हा काय होती? लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतले की माणूस त्याचा ‘लग्नगडी’ व्हायचा. नवरा-बायको दोघंही राबायची, मुलंही त्यातच वाढायची. सावकाराच्या शेतावर आधी वेठ, मग आपलं पोट. गवतकापणीच्या मजुरीसाठी १९४५ च्या पावसाळ्यानंतर संप झाला. मागणी होती पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, जेठ्या गांगडसह पाच जण मारले गेले. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हा सारा इतिहास आहे. त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

आपल्याकडे ताराबाई-अनुताई शिक्षणाच्या कपाटात ठेवल्या जातात आणि गोदावरीबाई चळवळीच्या. त्यांचे राजकीय विचार वेगळे होते, मित्रपरिवार वेगळा होता. पण पाड्यावरच्या मुलाच्या जागी उभं राहून पाहा. बाप लग्नगडी असेल तर ते मूल सावकाराची गुरं राखणार. त्याला अंगणात बसायला मोकळा वेळ मिळण्याआधी बापाची वेठ सुटावी लागते. आणि वेठ सुटलेल्या बापाचं मूल अक्षराविना राहिलं तर उद्या नव्या कागदावर नवा अंगठा उमटणार. एका बाजूने दावं तोडणारी आणि दुसऱ्या बाजूने हाताला धरून चालवणारी, अशा दोन्ही तऱ्हेच्या बायका एकाच वर्षी एकाच मुलुखात आल्या, हा या किनाऱ्याच्या इतिहासातला विलक्षण योग आहे. जिल्ह्याच्या प्रत्येक शाळेत तो एकत्र शिकवायला हवा. डहाणूच्या मुलांना भिडेवाडा ठाऊक असतो आणि झरी ठाऊक नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

आता त्यांच्यामागून आलेल्या दुसरीच्या, म्हणजे आजच्या अंगणवाडी सेविकेच्या, वाट्याला काय आलं, ते पाहू.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बाल विकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. पाड्यावरच्या एका अंगणातून निघालेली कल्पना एवढी पसरली याचा अभिमान वाटतो. मात्र पसरताना तिच्यातून एक गोष्ट गळून पडली. ज्या बाईच्या भरवशावर हे सगळं चालतं, तिला कर्मचारी मानायचं राहिलं. ती ‘मानसेवी’. तिला वेतन नाही, मानधन. केंद्राचा वाटा २०१८ च्या ऑक्टोबरपासून सेविकेला महिना ४,५०० रुपये आणि मदतनिसाला २,२५०. त्यावर राज्य आपली भर घालतं.

आणि तिचं काम? दातिवऱ्याच्या या पट्ट्यात एका अंगणवाडीत मी सकाळ घालवली. किनाऱ्यावर बांबूच्या आडव्या दांड्यांवर बोंबील वाळत होते, त्याचा वास खोलीत भरलेला. मदतनीस ताई चूल-भांड्यांत. सेविका ताईंनी एका हाताने रडणाऱ्या मुलाला थोपटत दुसऱ्या हाताने वजनकाट्याची झोळी अडकवली. मूल झोळीत पाय झाडायला लागलं, काटा हलायचा थांबेना. त्यांनी त्याच्या हातात एक शिंपला दिला. मूल तो निरखायला लागलं, काटा स्थिरावला, आकडा वहीत गेला. मग दंडाला पट्टी लावून घेर पाहिला. मग तोच आकडा मोबाइलच्या ॲपमध्ये. रेंज येईना म्हणून त्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. या दरम्यान एक गरोदर मुलगी गोळ्या विचारून गेली, एक आजी घरपोच आहाराचं पाकीट घ्यायला आली आणि पाच मुलं गाणं म्हणत राहिली. पूर्व-प्राथमिक शिक्षण, पोषण, लसीकरणाचा पाठपुरावा, सर्वेक्षण, निवडणुकीची कामं; सगळं एकीच्याच अंगावर. तो शिंपला कुठल्या प्रशिक्षण पुस्तिकेतून आला नव्हता. ताराबाईंची पद्धत त्यांना माहीतही नसेल, पण त्या नेमक्या तेच करत होत्या.

या बाईला न्यायालयात आपलं काम काम आहे हे सिद्ध करावं लागलं. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की अंगणवाडी सेविका ही सरकारी पदधारक नव्हे. एप्रिल २०२२ मध्ये, गुजरातच्या दाहोद जिल्ह्यातून आलेल्या मणिबेन भारिया यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत असा निर्णय दिला. मणिबेन हे नाव ‘पहिली’च्या कुठल्याही यादीत येणार नाही, पण माझ्या यादीत ते वर आहे. तरीही डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी कर्मचाऱ्यांना वेतनश्रेणी, पेन्शन आणि ग्रॅच्युइटीसाठी संपावर जावं लागलं, आणि तो संप दीड महिन्याहून जास्त चालला.

यावर एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो: अनुताईंनी कधी पगाराकडे पाहिलं का? सेवाभाव कुठे गेला? हा युक्तिवाद मला संतापजनक वाटतो. अनुताई एकट्या होत्या, त्यांनी आपल्या मर्जीने हुजूरपागेची नोकरी सोडली, आणि सोडण्यासारखी नोकरी त्यांच्याकडे होती. सफाळ्याजवळच्या गावातल्या सेविकेवर सासू-सासरे, मुलं आणि खाडीतली अनिश्चित मासळी यांचा भार आहे. एकीचा त्याग दाखवून चौदा लाख जणींना अर्ध्या मजुरीवर राबवणं हे त्या एकीचंही अवमूल्यन आहे. त्याग माणूस स्वतःच्या बाबतीत करतो. तो दुसऱ्याच्या सेवाशर्तीत लिहून ठेवता येत नाही. वेठ आणि सेवा यांत फरक काय, हे झरीच्या वारल्यांनी १९४५ सालीच सांगितलं होतं.

मूळ कल्पनेतलं आणखी एक सूत्र सुटलं आहे, आणि ते दातिवऱ्यासारख्या किनाऱ्यावर ठळक दिसतं. कुरणशाळा गुरांच्या वेळेने चाले. आमच्याकडे होड्या भरती-ओहोटीप्रमाणे लागतात. बोट आली की मांगेल्यांच्या आणि इतर मच्छीमार घरांतल्या बायकांना किनाऱ्यावर जावंच लागतं: मासळी निवडायची, बर्फात भरायची, लिलाव, मग टोपली घेऊन बाजार. ती वेळ पहाटेची असते, कधी संध्याकाळची, आणि दर दिवशी पुढे सरकते. अंगणवाडी मात्र घड्याळाच्या ठरल्या तासांत उघडते आणि मिटते. परिणाम असा की कडेवरचं मूल पुन्हा आठ वर्षांच्या ताईकडे येतं, आणि शाळेच्या हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजेरी लागते. अंगणवाडीला पाळणाघराची जोड देणारी ‘पालना’ योजना केंद्राने अलीकडे आणली आहे. ती पहिल्यांदा यायला हवी ती अशा गावांत.

मूल जिथे आहे तिथे शाळा, हे तत्त्व विसरलं गेलं तेव्हा ते पुन्हा शोधावं लागलं. याच भागात विधायक संसदेने, विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या पुढाकाराने, वीटभट्ट्यांवर स्थलांतरित आदिवासी मजुरांच्या झोपड्यांमध्ये ‘भोंगा शाळा’ चालवल्या. विटांच्या राशीशेजारी गवता-पानांची झोपडी, त्यात वर्ग. बोईसर-तारापूरला आज औद्योगिक वसाहत आहे, शेजारी १९६९ पासून चालणारं अणुवीज केंद्र आहे, देशभरातून आलेल्या कामगारांच्या वस्त्या आहेत. तिथल्या चाळींमध्ये भोजपुरी, उडिया, बंगाली बोलणारी तीन वर्षांची मुलं अंगणवाडीत येतात. वारली बोली न समजणाऱ्या शिक्षिकेसमोर जी अडचण १९४५ साली होती, तीच आता उलट बाजूने आली आहे. ती सोडवण्याची अपेक्षा त्याच मानसेवी ताईंकडून आहे.

ग्रंथालयांची हकिगत फार निराळी नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. गावोगावची अ, ब, क, ड वर्गातली ग्रंथालयं अनुदानावर तगून आहेत, आणि त्यांत दुपारी दार उघडून बसणारी बाईही तुटपुंज्या पैशांवर बसते. गोदावरीबाईंनी डहाणूला येण्याआधी मुंबईच्या कामगार वस्त्यांत प्रौढ साक्षरतेचं काम केलं होतं. साक्षर झालेल्या हातात वाचायला काही द्यायलाही लागतं, हे अशा कामातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. चार वर्षांच्या मुलासाठी चित्रांची पुस्तकं असलेलं एक कपाट अंगणवाडीत असावं आणि त्याची किल्ली सेविकेकडे असावी, फाटलेल्या पुस्तकाची भरपाई मात्र तिच्या मानधनातून होऊ नये, एवढी साधी सुरुवातही करता येईल.

पंचायतींत स्त्रियांना आता निम्म्या जागा आहेत. पालघर जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत सरपंच बाई आहे. तिच्या अधिकारात अंगणवाडीची इमारत, पाणी, वीज, शौचालय हे येतं. सेविकेची वेतनश्रेणी तिच्या हातात नाही, पण ग्रामसभेचा ठराव तिच्या हातात आहे. अंगणवाडीची वेळ आमच्या गावच्या कामाच्या वेळेप्रमाणे ठेवावी, जादा तासांचे पैसे सेविका आणि मदतनिसाला रोख मिळावेत आणि पाळणाघरासाठी तिसरी बाई नेमावी, असा ठराव किनाऱ्यावरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीने येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत करावा आणि पालघरला जिल्हा परिषदेकडे पाठवावा. दातिवऱ्यापासून सुरुवात झाली तर मला सर्वांत आनंद होईल.